पहिलं एअर पिस्तूल: कमी बजेटमध्ये काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

पहिलं पिस्तूल घरी आलं की आठवड्याभरात ठरलेला प्रश्न येतो: "आता यावर काय काय लावू?" प्रश्न विचारणारं पोर सोळा-सतरा वर्षांचं असतं, पैसे वडिलांचे असतात आणि दोघांनीही तोवर मोबाईलवर भरपूर व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यातले निम्मे व्हिडिओ अमेरिकेतल्या काडतुसाच्या पिस्तुलांचे असतात. त्यातलं जवळजवळ काहीच आपल्या रेंजवर चालत नाही.

हा लेख १० मीटर एअर पिस्तुलापुरता आहे, म्हणजे कोल्हापूरच्या दुधाळीला, पुण्याच्या बालेवाडीला किंवा मुंबईत वरळीच्या रेंजवर नवीन मुलं जो प्रकार खेळतात त्यापुरता. तुमच्याकडे साधं किंवा सेकंडहँड मॅच पिस्तूल (स्पर्धेसाठी बनवलेलं) आहे आणि खिशात मोजके पैसे शिल्लक आहेत, असं धरून लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. हाताला जे टेकतं आणि नळीतून जे जातं, त्यावर खर्च करा. उरलेलं सगळं वर्षभर थांबू शकतं.

आधी चौकट माहीत करून घ्या

काहीही विकत घेण्याआधी नियम वाचायचे, कारण स्पर्धेआधी साहित्य तपासणाऱ्या इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर "दुकानदाराने सांगितलं होतं" हे उत्तर चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एअर पिस्तूल ४.५ मिमीचं असतं. सगळ्या जोडण्यांसह वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. आख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या खोक्यात बसलं पाहिजे. साइट्स, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा, उघड्या असाव्यात. लेझर, रेड डॉट, दुर्बीण यातलं काहीही चालत नाही.

कायद्याचंही एक वाक्य. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. मॅच पिस्तूल जेमतेम ५-६ ज्यूलवर चालतं, त्यामुळे ते या मर्यादेच्या खूपच आत आहे. म्हणून कोणी "पॉवर वाढवून देतो" म्हणाला तर हात जोडून घरी यायचं. दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला जास्त ताकद लागत नाही. वाढवलेल्या ताकदीने झटका वाढतो, सीलं लवकर जातात आणि मर्यादा ओलांडली तर प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत जातं.

पायरी पहिली: आहे ते पिस्तूल नीट आहे का?

सुधारणा करायच्या आधी पिस्तुलात दोष नाही ना, ते बघायचं. विशेषतः वापरलेलं घेतलं असेल तर.

हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. स्पर्धेत सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी खेळाडूची असते आणि ही मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची. सेकंडहँड पिस्तूल स्वस्त का मिळतंय, याचं उत्तर पुष्कळदा या तारखेत सापडतं. नवीन सिलिंडरची किंमत धरून मगच भाव करा.

मग सिलिंडर भरा, मीटरवरचा आकडा लिहून ठेवा आणि रात्रभर पिस्तूल तसंच ठेवा. सकाळी काटा लक्षात येईल इतका खाली आला असेल तर ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, बदलायला झालीये. हे काम स्वस्त आहे. त्यानंतर रेंजवर कोणाकडे क्रोनोग्राफ असेल तर दहा शॉटचा वेग मोजून घ्या. वेग साधारण सारखा राहिला तर रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक शॉटला सारखा दाब देणारा भाग, ठीक आहे. पिस्तूल थोडा वेळ पडून राहिल्यावर दरवेळी पहिलाच शॉट वेगळ्या वेगाने जात असेल, तर ते दुरुस्तीला द्यायचं. अशा पिस्तुलावर नवी मूठ बसवणं म्हणजे गळक्या छताला रंग देणं.

जुन्या बाजारात रशियन बनावटीचं बैकल आयझेडएच-४६एम दिसलं तर त्याची गोष्ट वेगळी. त्यात सिलिंडर नाही. नळीखालचा लांब दांडा प्रत्येक शॉटला उघडून मिटायचा आणि त्याच एका दाबाने हवा भरते. अचूकतेत ते आजही भल्याभल्यांना लाजवेल. त्याचा तोटा असा की साठ शॉटच्या सामन्यात दांडा साठ वेळा ओढावा लागतो आणि चौदा वर्षांच्या मुलीचे खांदे चाळिसाव्या शॉटला बोलायला लागतात. फायदाही आहे. ब्रीचचं (छर्रा घालायच्या जागेचं) झाकण उघडलं की ट्रिगर कॉक होतो, म्हणजे सुटायला तयार होतो, त्यामुळे हवा न भरता घरी ड्राय फायर (रिकाम्या पिस्तुलाने सराव) करता येतं.

पायरी दुसरी: मूठ. इथे घाई नको

बजेट पिस्तुलावर एकच सुधारणा परवडत असेल, तर ती मुठीची करा. कारखान्यातून येणारी मूठ एका सरासरी हातासाठी कापलेली असते आणि तसा हात बहुधा कोणाचाच नसतो. मुठी एक्स्ट्रा स्मॉल, स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत, डाव्या-उजव्या हाताच्या वेगवेगळ्या येतात. सेकंडहँड पिस्तुलात नेमकी आधीच्या मालकाच्या मापाची मूठ गळ्यात पडते.

माप बरोबर आहे का, हे असं बघा. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभे राहा, मूठ धरा, डोळे मिटा आणि हात सवयीप्रमाणे वर घ्या. आता डोळे उघडा. फोरसाइट (पुढची साइट) बॅकसाइटच्या (मागच्या साइटच्या) खाचेत मधोमध दिसली पाहिजे. ती दरवेळी डावीकडे किंवा उजवीकडेच दिसत असेल, तर मनगट वळवून ती मध्ये आणायची नाही. मूठ फिरवायची किंवा घासायची. बऱ्याच मॅच पिस्तुलांत मुठीचा स्क्रू सैल करून तिचा कोन थोडा बदलता येतो. आधी ते करून बघा, त्याला पैसे लागत नाहीत. हे पाच-सहा वेळा करून एकच निकाल आला तरच पुढे जा.

मग ट्रिगरचं बोट बघा. ते लाकडाला कुठेही घासता कामा नये, बाजूने वहीचा कागद सरकेल इतकी फट हवी. बोट लाकडाला टेकलेलं असेल तर ट्रिगर ओढताना ते मूठसुद्धा ढकलतं आणि शॉट बाजूला जातो. अशा वेळी मुलाला "ट्रिगर झटकतोस" म्हणून ओरडा बसतो. चूक लाकडाची असते.

घासायचं आणि भरायचं काम घरी होतं. जिथे टोचतं तिथे पेन्सिलने खूण करा आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरने थोडं थोडं घासा. थोडं म्हणजे खरोखर थोडं. घासून गेलेलं लाकूड परत येत नाही. जिथे पोकळी आहे, म्हणजे तळव्याचा मधला खोलगट भाग किंवा बोटांच्या मधल्या पेरांखाली, तिथे एम-सील लावा. हाताला पातळ प्लॅस्टिक गुंडाळून मूठ नेहमीच्या ताकदीने धरा, ठसा उमटू द्या आणि हात अलगद काढा. दुसऱ्या दिवशी टणक झालं की कडा २४० च्या पेपरने गुळगुळीत करा. त्यावर चकचकीत व्हार्निश मारू नका. मे महिन्यात मुंबई-कोकणच्या घामात ते साबणासारखं निसटतं. थोडा खरखरीतपणा राहू द्या.

हाताखाली येणारी फळी, म्हणजे पाम शेल्फ, इतकीच वर घ्यायची की हात टेकेल पण आवळला जाणार नाही. फळीने हात चिमटीत धरला की पहिल्या दहा शॉटला बरं वाटतं आणि चाळिसाव्याला हात थरथरतो. नियमही इथे कडक आहेत. मूठ हाताला वेढता कामा नये, मनगटाला आधार मिळता कामा नये आणि फळीची कड वर वळलेली चालत नाही. एम-सीलने केलेली "थोडीशी सोय" इथेच पकडली जाते. कोल्हापूर-सांगलीकडची काही मुलं गावच्या सुताराकडून मूठ कोरून घेतात. काम सुबक होतं, पण सुताराला हे नियम आधी समजावून सांगायचे.

नवीन मूठ घेणं कधी योग्य? हात मोठा आणि मूठ लहान असेल, किंवा डावखुऱ्याच्या हाती उजवी मूठ असेल, तेव्हा. वाढत्या वयाच्या मुलासाठी महागडी मूठ घेऊ नका, दीड वर्षात हात बदललेला असतो.

पायरी तिसरी: ट्रिगर

ट्रिगर बदलायची गरज फार क्वचित पडते, बहुतेकदा तो नीट लावायचा असतो. मॅच पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. आधी सैल प्रवास, मग एक स्पष्ट भिंत, आणि भिंतीपलीकडे शॉट. नवख्याने पहिल्या टप्प्यात साधारण तीन चतुर्थांश वजन ठेवावं. भिंतीला टेकल्यावर थोडंसं दाबलं की सुटतं, आणि ते "थोडंसं" बोटाला रोज सारखं जाणवतं.

५०० ग्रॅमची चाचणी घरी करता येते. अर्ध्या लिटरची प्लॅस्टिक बाटली घ्या, तिला मजबूत दोरा बांधा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्यासकट एकूण वजन ५१५ ग्रॅम करा. नळीत पेलेट (छर्रा) नाही हे दोनदा बघा. पिस्तूल कॉक करा, नळी सरळ वर छताकडे धरा, दोरा ट्रिगरच्या मधोमध अडकवा आणि बाटली जमिनीवरून सावकाश उचला. ट्रिगर सुटला नाही तर ठीक. स्पर्धेत वजन उचलून दाखवायला तीन संधी मिळतात, पण तिसऱ्या संधीपर्यंत जायची वेळच येऊ नये. म्हणून ५१५. नेमका ५०० वर लावलेला ट्रिगर प्रवासात, थंडीत किंवा स्क्रू किंचित हलला की दगा देतो.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा मोह बऱ्याच जणांना असतो. मोरिनी १६२ सारखी पिस्तुलं इलेक्ट्रॉनिक आणि यांत्रिक अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बोटाला फार स्वच्छ वाटतो, यात वाद नाही. पण २०२१ मध्ये टोकियोला मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं आणि दुरुस्तीत तिची बहुमोल मिनिटं गेली, हे सगळ्या देशाने बघितलं. तिच्याबरोबर प्रशिक्षक होते, सुटे भाग होते. जिल्हा स्पर्धेला गेलेल्या मुलाबरोबर कोण असतं? पहिलं पिस्तूल यांत्रिकच बरं.

साइट्स

इथे थोडा हिशेब करू. पुढची आणि मागची साइट यांच्यात साधारण ३२० मिमी अंतर असतं आणि टार्गेट १० मीटरवर. फोरसाइट खाचेत पाव मिमी बाजूला गेली, तर कागदावर शॉट सुमारे ८ मिमी सरकतो. टार्गेटवर एका रिंगची रुंदी ८ मिमीच आहे. म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारी चूक पूर्ण एक गुण खाते. याउलट आख्खा हात ५ मिमी सरळ बाजूला सरकला तर शॉटही ५ मिमीच सरकतो. म्हणून नजर टार्गेटवर नाही, फोरसाइटवर ठेवायची. साइट्सवरचा खर्चसुद्धा ती स्वच्छ दिसावी एवढ्यासाठीच.

बजेट पिस्तुलाबरोबर बहुधा एकच फोरसाइट येते. ४, ४.५ आणि ५ मिमी रुंदीच्या पट्ट्या वेगळ्या मिळत असतील तर घेऊन ठेवा, त्या महाग नसतात. ४.५ ची पट्टी हात लांब केल्यावर काळ्या गोलापेक्षा थोडी अरुंद दिसते, बहुतेकांना तिथून सुरुवात सोयीची जाते. मागची खाच रुंदीला बदलता येत असेल तर दोन्ही बाजूंना पांढरा उजेड ठसठशीत दिसेल इतकी उघडा. नवखी मुलं ही फट फार बारीक ठेवतात. त्यांना वाटतं बारीक म्हणजे अचूक, पण डोळा थकला की त्या फटीतलं काही कळेनासं होतं.

साइट चकाकत असेल तर मॅट काळा रंग द्या किंवा काडेपेटीच्या काजळीने काळी करा. जुने नेमबाज तेच करायचे.

पेलेट: सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात फायद्याचा खर्च

इथे दोन डबे ठेवायचे. सरावाला स्वस्त पण सपाट तोंडाचे पेलेट, आणि स्पर्धेला मॅच ग्रेडचे. आरडब्ल्यूएस आर-१०, एच अँड एन फिनाले मॅच ही नावं रेंजवर रोज कानावर पडतील. पिस्तुलासाठी हलके, ०.४५ ग्रॅमच्या आसपासचे पेलेट बहुतेक जण वापरतात. डब्यावर ४.४९ किंवा ४.५० असं डोक्याचं माप असतं. कुठलं माप तुमच्या नळीला मानवतं ते शेजारच्या नेमबाजाच्या अनुभवावरून ठरत नाही, कारण त्याची नळी वेगळी आहे.

चाचणी हातात पिस्तूल धरून करू नका. नवख्याचा हात पेलेटच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त हलतो, त्यातून काही सिद्ध होत नाही. रेंजवर शिकंजा असतो किंवा कोचच्या ओळखीने मिळतो. पिस्तूल त्यात घट्ट बसवून प्रत्येक डब्यातले पाच-पाच शॉट एकाच कागदावर मारा. दहाच्या रिंगचा व्यास ११.५ मिमी आहे. पाचही भोकं त्यात मावली तर तो पेलेट तुमचा. मग त्याच डब्याचा बॅच नंबर बघून वर्षभराचा साठा एकदम घ्या, दोन-चार मित्र मिळून घेतला तर दुकानदार भावही कमी करतो.

पेलेट शिशाचे असतात, ही गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही. दातात पेलेट धरून लोड करायची सवय काही मुलांना लागते. ती पहिल्या दिवशी मोडायची. रेंजवरून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही.

हवा आणि पावसाळा

सिलिंडर साधारणपणे २०० बारपर्यंत भरतात, पण तुमच्या सिलिंडरवर लिहिलेला आकडाच शेवटचा. सावकाश भरा. ऑक्सिजन कधीही नाही, त्यातून स्फोट होतो. हवेच्या वाटेत तेलही नको, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा बारीकसा हात पुरतो.

हातपंप घेणार असाल तर ओलावा टिपणारा फिल्टर त्याच वेळी घ्या. जुलैत रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या हवेत काही मिनिटं पंप मारला की आत पाणी जमतं. ते वारंवार काढून टाकावं लागतं, नाहीतर पाणी सिलिंडरमध्ये जाऊन आतून गंज धरतो. जवळच्या रेंजवर कॉम्प्रेसर असेल तर पंपाचे पैसे वाचवा. पिस्तुलाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्यातून एकदा तव्यावर गरम करून कोरड्या करा.

डोळे, पाय आणि बाकीचं किडुकमिडुक

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचा युसुफ डिकेच एक हात खिशात घालून, साधा चष्मा लावून उभा राहिला आणि मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्यपदक घेऊन गेला. त्या फोटोनंतर कितीतरी पालक मला सांगत आले की चष्म्याची गरज नाही म्हणे. त्याला नाही, हे खरं. त्याच्या दोन्ही डोळे उघडे ठेवायच्या पद्धतीमागे वर्षानुवर्षांचा सराव आहे. तुमच्या मुलाला न वापरत्या डोळ्याने दोन साइट्स दिसत असतील तर टोपीला पांढऱ्या अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी लावा, रुंदी ३० मिमीच्या आत ठेवा. फुकटात होतं. डोळा मिटायला लावू नका, त्याने दुसऱ्या डोळ्यावर ताण येतो.

फ्रेममध्ये भिंग बसवायचा नेमबाजीचा महागडा चष्मा सुरुवातीला लागत नाही. चाळिशी ओलांडलेल्या पालकाने स्वतःसाठी घेतला तर गोष्ट वेगळी. त्यांनी नेत्रतज्ज्ञाला "मला एका मीटरच्या आतली वस्तू स्पष्ट दिसायला हवी" एवढंच सांगावं. लांबच्या नंबरमध्ये साधारण अर्धा ते पाऊण प्लस वाढवून काम भागतं.

बूट सपाट तळव्याचे, घोट्याच्या खालीच संपणारे घ्या. घोटा झाकणारे बूट पिस्तूल प्रकारात चालत नाहीत. पिस्तूल धरायच्या हातात घड्याळ, कडं, रुद्राक्षाचा दोरा काही नको. गणपतीनंतरच्या स्पर्धांना मनगटावरच्या दोऱ्यांवरून दरवर्षी हुज्जत होते.

पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवणारी, नळीभर जाईल अशी ठळक रंगाची सेफ्टी दोरी घ्या, ती सक्तीची आहे. कुलपाची, फोम असलेली पेटी घ्या. बसने किंवा रेल्वेने जाताना पिस्तूल पेटीबाहेर काढायचं नाही, आणि खरेदीची पावती व क्लबचं ओळखपत्र त्याच पेटीत ठेवायचं. विमानाने जायचं तर कंपनीला आधी कळवा, पिस्तूल चेक-इन सामानात द्या, सिलिंडर सोडवून पूर्ण रिकामा करा.

जे घेऊ नये

नळीला अडकवायची जादा वजनं पहिल्या वर्षी नकोत. पिस्तूल स्थिर वाटतं, पण खांदा तयार नसताना तेच वजन शेवटच्या वीस शॉटमध्ये उलटतं. स्टॅबिलायझर, म्हणजे झटका कमी करणारा भाग, नसल्याची खंतही करू नका. स्टायर कंपनीच्या एलपी-२ पिस्तुलात तो नाही, एलपी-१० मध्ये आहे, आणि राज्य स्पर्धेच्या स्कोअरपर्यंत तो फरक तुमच्या हाताला कळणारही नाही. संगणकाला जोडायचा सराव-यंत्राचा सेट क्लबने घ्यावा, घराने नाही.

खर्चाचा क्रम विचाराल तर मी असा लावेन: पहिल्या महिन्यात ओ-रिंग, सेफ्टी दोरी आणि पेटी. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मुठीचं काम आणि ट्रिगर. मग पेलेटची चाचणी आणि साठा. साइटच्या पट्ट्या त्यानंतर कधीही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुढचे काही आठवडे स्कोअर लिहून ठेवायचा. मूठ आणि पेलेट एकाच दिवशी बदलले तर स्कोअर कशाने वाढला किंवा पडला, हे कोणीच सांगू शकत नाही. आणि काढून ठेवलेली मूळ मूठ फेकू नका. पिस्तूल विकायची वेळ आली की गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच मागतं.